बांधलेले केस, उतरवलेले केस : पूर्वमध्ययुगीन केशरचनेचा सामाजिक अर्थ

कुसगावच्या परिसरातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दोन काळांची शिल्पे शेजारी शेजारी आहेत. सातवाहनकालीन दांपत्यशिल्पांतील पुरुषांच्या मस्तकी गाठ मारलेली भरदार पागोटी दिसतात. त्याच भिंतीवर पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास नव्याने कोरलेल्या बुद्धमूर्तींचे मस्तक उघडे आहे. भिक्षूने मुंडन करावे असा विनयाचा दंडक. मग बुद्धाला केस कसे? परंपरा सांगते की, गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थाने तलवारीने केस कापले आणि उरलेले दोन बोटे केस उजवीकडे वळून कायमचे तेवढेच राहिले. म्हणजे बुद्धमूर्तीचे आखूड कुरळे केस ही गृहत्यागाचीच खूण होय.

पूर्वमध्ययुगीन केशरचनांचा विचार बहुधा 'अलंकरण' या सदराखाली केला जातो. तो अपुरा वाटतो. वेरूळच्या शिवाचा जटामुकुट, अवलोकितेश्वराच्या जटांतील अमिताभाची लहानशी प्रतिमा, जैन मुनींचा केशलोच या साऱ्यांतून एकच प्रश्न विचारला जातो : ही व्यक्ती संसारात आहे की संसाराबाहेर?

स्त्रीच्या बाबतीत या प्रश्नाला पतीचा संदर्भ येतो. 'मेघदूता'तील यक्षपत्नीची एकवेणी पतीच्या परतण्याची वाट पाहते. 'वेणीसंहार' या भट्टनारायणाच्या नाटकाचे तर नावच द्रौपदीच्या मोकळ्या केसांवरून पडले आहे; सूड पुरा होईपर्यंत ते बांधले जात नाहीत. राजप्रशस्तींतही शत्रुस्त्रियांच्या विस्कटलेल्या केसांचे वर्णन करून कवी राजाचा विजय सुचवतो. रणांगणाचे वर्णन करण्याची त्याला गरजच उरत नाही.

येथे एक गोष्ट अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त वैधव्याची म्हणून वेणीच येते, मुंडन नव्हे. विधवेचे केशवपन वैदिक वाङ्मयात वा जुन्या स्मृतींत सांगितलेले नाही, ही रूढी दहाव्या-अकराव्या शतकांनंतर हळूहळू वाढली, असे म. म. पां. वा. काणे यांनी साधार दाखवले आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात तिचे समर्थन येते ते असे : विधवेने वेणी बांधली तर परलोकी पतीला बंधन पडते. वेणीच्या बंधाचे असे शब्दशः बंधन करण्यात आले. संन्याशाने स्वेच्छेने घ्यावयाचे चिन्ह अशा रीतीने विधवेवर लादले गेले. संन्यासी मुंडन करून घर सोडतो आणि वंदनीय ठरतो. ही मात्र त्याच घरात राहते, राबते आणि अशुभ ठरते. 'प्राचीन परंपरा' म्हणून एकोणिसाव्या शतकात ज्या रूढीचा कैवार घेतला गेला, ती बाणाच्या काळी रुजलेलीही नव्हती. तिच्याविरुद्ध 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला.