मालिका टिकेल काय?

अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा जो खेळ खेळतात, त्यांतील एका फलंदाजाची हकीकत वाचकांस आज सांगावयाची आहे. २०११ सालच्या उन्हाळ्यांत अटलांटा येथील ब्रेव्हज संघाचा डॅन अग्ला हा टीकेचा विषय झाला होता. संघानें त्याच्याशीं ६ कोटि २० लक्ष डॉलरांचा पांच वर्षांचा करार केलेला. आणि जुलैच्या आरंभीं पाहावें तों हजार खेपांस अवघे १७३ यशस्वी टोले! उत्तम फलंदाजाचें हें प्रमाण ३०० च्या घरांत असतें. परंतु ५ जुलैपासून हाच मनुष्य प्रत्येक सामन्यांत निदान एक टोला मारूं लागला. दहा सामने झाले, वीस झाले, तीस झाले. हंसणारे लोक आतां विचारूं लागले, ही मालिका टिकेल काय?

चेंडू फटकावल्यावर तो झेलला न जातां, क्षेत्ररक्षकांनीं तो परत आणण्याच्या आंत फलंदाज पहिल्या ठाण्यावर पोंचला, तर टोला यशस्वी. एका सामन्यांत अशा खेपा साधारणतः चार. जुन्या पंतोजीची खोड. मीं लगेच पाटी पुढें ओढली. हजारीं ३०० टोले मारणाऱ्याच्या चारही खेपा फुकट जाण्याचा संभव शेंकडा २४, म्हणजे यशाचा शेंकडा ७६. हा आंकडा भरघोस दिसतो खरा. पण ओळीनें ३३ सामने साधावयाचे तर त्याचा तितक्या वेळां गुणाकार करावा लागतो, आणि हातीं उरतो सुमारें ८,६०० त एक एवढा संभव.

गंमत अशी कीं, बत्तीस दिवस साधले तरी तेहतिसाव्या दिवशींचा संभव तोच, शेंकडा ७६. ‘आतां हात बसला, चुकणें नाहीं’ असें म्हणणारा आणि ‘आतां तुटायची वेळ आली’ असें म्हणणारा, दोघेही मालिकेस पेढींतील ठेवीसारखी समजतात. कावळा बसायला व ताडफळ पडायला गांठ पडावी, या काकतालीय न्यायाचा येथें बराच भाग आहे. सर्वच भाग त्याचा आहे, असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्या सामन्यांत अग्लाचें प्रमाण हजारीं ३७७ वर चढलें होतें, हें केवळ कावळ्याचें काम नव्हे.

या बाबतींतला मेरुमणि म्हणजे न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ. १९४१ सालीं १५ मे ते १६ जुलै असे ५६ सामने त्याची मालिका चालली. २२३ खेपांत ९१ टोले. १७ जुलैच्या रात्रीं क्लीव्हलंड येथें ६७ हजारांवर प्रेक्षक जमले असतां ती तुटली. तिसऱ्या ठाण्याच्या केन केल्टनरनें रेषेलगत बराच मागें उभें राहून त्याचे दोन जोरकस चेंडू अडविले. अखेरच्या खेपेस चेंडूनें वांकडी उसळी घेतली, तरी लू बूड्रो यानें तो हातचा जाऊं दिला नाहीं. डिमॅजिओ त्या रात्रीं वाईट खेळला, असें म्हणावयाचें कसें? पुढच्याच सामन्यापासून त्यानें आणखी १६ सामन्यांची मालिका केली! आमच्या शाळेंत चार परीक्षांत पहिला आलेला मुलगा पांचव्या वेळीं दुसरा आला कीं पालक ‘काय बिघडलें?’ म्हणून विचारीत येत. बहुधा कांहींच बिघडलेलें नसे. शेजारच्या मुलानें अभ्यास केलेला असे.

डिमॅजिओनंतर ४४ सामन्यांपुढें कोणी गेलेला नाहीं. तेथवर १९७८ सालीं पीट रोझ पोंचला होता.

अग्लाची मालिका १४ ऑगस्टला शिकागो कब्जविरुद्ध ३३ वर थांबली. हा संघ अटलांटास आल्यापासूनचा रिको कार्टीचा १९७० सालचा ३१ सामन्यांचा उच्चांक मात्र त्यानें मागें टाकला होता. वर्षाखेरीस त्याचें प्रमाण २३३ भरलें, आणि २०१४ च्या जुलैंत, करार पुरा होण्याच्या आंतच, संघानें त्यास मोकळें केलें.