किनारपट्टीवरील माशांच्या पिल्लांचे अधिवास : मालवणच्या संदर्भात

परंडा तालुक्यातील सीना-कोळेगावसारख्या जलाशयात रोहू, कटला यांचे बीज सोडावयाचे असल्यास ते संगोपन तळ्यात वाढवून बोटुकली झाल्यावर सोडणे हितावह ठरते. इवले मत्स्यजिरे मोठ्या पाण्यात फारसे टिकत नाही. समुद्रात असे तळे कोणी बांधत नाही. ते कार्य किनाऱ्यालगतची वाळू, खाडी आणि खडक करीत असतात.

मालवण येथे हे तिन्ही अधिवास थोडक्या अंतरात एकत्र आढळतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक व प्रवाळ, चिवला व तारकर्ली येथे वाळू, तर उत्तरेस कोळंबची आणि दक्षिणेस कर्लीची खाडी आहे. बहुतेक सागरी माशांच्या अळ्या प्रथम प्रवाहाबरोबर तरंगतात आणि नंतर तळाशी स्थिरावतात. मात्र ही पहिली वस्ती म्हणजे प्रौढ माशाचे घर असेलच असे नाही. तांबोशीचे पिल्लू खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढते व मोठे झाल्यावर खोल समुद्रातील खडकांकडे जाते. मुडदुशी वाळू सोडत नाही. धोका जाणवताच ती वाळूत शिरते. लेप माशाची अळी आरंभी इतर माशांप्रमाणे उभी पोहते. पुढे तिचा एक डोळा सरकून दुसऱ्या बाजूस येतो व ती वाळूवर आडवी होते.

वाळूत लपण्यास कपारी नाहीत, तरी पिल्ले तेथे का येतात? उथळ पाण्यात मोठे भक्षक मासे कमी येतात आणि सूक्ष्म कवचधारी जीवांचे खाद्य मुबलक असते. खडकात आसरा पुष्कळ, परंतु शिकारीही तेथेच दबा धरून असतात. शिवाय कपार पिल्लाच्या आकाराची असावी लागते.

१९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्याचा उल्लेख होताच प्रवाळ डोळ्यांपुढे येतात. वाळूची आठवण क्वचितच होते. खाडी बुजली किंवा वाळूचा उथळ पट्टा बिघडला, तर खडक शाबूत राहूनही त्यावर येणारी तांबोशी घटेल. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी निश्चित केली. हा निर्णय स्वागतार्ह असला तरी लांबी मोजली जाते ती मासा जाळ्यात आल्यावर. किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीत मोठ्या माशांबरोबर पिल्लेही येतात आणि त्यांतील फार थोडी जिवंत परत जातात.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र सहली होडीने थेट प्रवाळांकडे जातात. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात शांत उभे राहिल्यास, जाळे न टाकताही, वाळूवरून सरकणारी मुडदुशीची पिल्ले विद्यार्थ्यांना दाखविता येतील.