अंधेरीची थंडी, लंडनचा उन्हाळा

जानेवारीत अंधेरी-बोरिवलीत पहाटेचा पारा सतरा-अठरावर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो. दुपारी तोच पारा तिशी गाठतो. लंडनमध्ये ऐन जुलैतली दुपार सरासरी २३-२४ अंशांची असते. म्हणजे आपला हिवाळा त्यांच्या उन्हाळ्यापेक्षाही उबदार! म्हणून तिकडे उन्हाळ्यात फुलणारी पिटुनिया, झिनिया, कॉसमॉस ही हंगामी फुलझाडं आपल्याकडे हिवाळ्यात बहरतात. परदेशी बियांच्या पाकिटावर ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असं छापलेलं असलं, तर ते खुशाल विसरा. मुंबईतून मान्सून सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. पेरणी त्यानंतर.

पिटुनियाचं बी मात्र हातात घेऊन बघाच. तपकिरी धूळच ती. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया! कोरड्या बारीक रेतीत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरायच्या आणि वर माती अजिबात टाकायची नाही, कारण रुजायला त्यांना उजेड लागतो. पाणीही फवाऱ्यानेच. फुलं यायला दहा-बारा आठवडे लागतात. ऑक्टोबरात पेरलं तर नव्या वर्षात रंग. झिनियाला दोनेक महिने पुरतात.

उबेचं गणित जुळलं, तरी उजेडाचं वेगळंच आहे. लंडनच्या जुलैत दिवस सोळा तासांचा, आपल्या डिसेंबरात अकरा तासांचा. आणि झाडं ही लांबी चक्क मोजतात! गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिलं. पुढे कळलं की खरी मोजणी होते ती रात्रीच्या अंधाराची, पानांतल्या फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याच्या मदतीने. मूळची मेक्सिकोची कॉसमॉस आणि झेंडू लांब रात्री मिळाल्या की लवकर फुलतात. पिटुनियाचं उलटं: तिला फुलायची घाई मोठ्या दिवसांत. लहान दिवसांत ती बुटकी राहते, बुंध्याशी भरपूर फुटते आणि मग कुंडी भरून फुलते. शेवंती तर अंधाराबाबत फारच काटेकोर. सोसायटीचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत राहिला, तर कळ्याच धरत नाहीत.

आता ऊन. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. जूनमध्ये भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर येतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या ज्या गॅलरीत जूनमध्ये दुपारचं ऊन शिरत नाही, तिथे डिसेंबरात ते ग्रिलमधून थेट आतल्या लादीपर्यंत पोहोचतं. समोर टॉवर नसेल, तर पिटुनिया, झिनिया, झेंडू, कॉसमॉस यांची जागा हीच. पूर्वेकडे सकाळचे तीन-चार तास ऊन मिळत असेल, तर साल्विया लावून बघा. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिथे फुलांचा हट्ट सोडून कोलियसच्या रंगीत पानांवर भिस्त ठेवावी.

नर्सरीत गेल्यावर सगळेच रंग खुणावतात. पॅन्झीची मखमली फुलंही. पण तिला खरा गारवा लागतो. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की ती मान टाकते. तेव्हा आधी गॅलरीची दिशा बघा, मग रात्रीचा दिवा कुठे पडतो ते बघा, आणि रंग त्यानंतर निवडा.