एका टेबलावरचे दोन फोन

आज आपण एक अगदी रोजचा प्रश्न घेऊ. आपलं सिमकार्ड एका कंपनीचं, समोरच्याचं दुसऱ्या कंपनीचं, तरीही घंटी वाजते. मग व्हॉट्सॲपवरून सिग्नलवर कॉल का लावता येत नाही? मुलगी परदेशात ज्या ॲपवर असेल तेच ॲप आपल्याला का घ्यावं लागतं?

आपल्याला वाटतं, काहीतरी तांत्रिक अडचण असणार. ते जरा तपासून पाहू.

इंटरनेटवरच्या कॉलला तीन गोष्टी लागतात. पहिली, पत्ता: समोरचा माणूस आत्ता कुठल्या यंत्रावर सापडेल? दुसरी, बोलावणं: घंटी वाजवणं, उचलल्याचं कळवणं, कॉल संपवणं. तिसरी, प्रत्यक्ष आवाज: त्याचे आकडे करायचे, बारीक तुकड्यांत पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जुळवायचे.

या तिन्हींसाठी सर्वांना खुले असलेले नियम आहेत. बोलावण्याची 'सिप' नावाची नियमावली १९९९ साली प्रसिद्ध झाली, २००२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यातला पत्ता ईमेलसारखाच असतो: आधी नाव, मग सेवेचं ठिकाण. आवाजासाठी 'ओपस' ही खुली पद्धत २०१२ पासून आहे. म्हणजे सामायिक भाषा आहे. पण २००३ साली स्काइप आलं ते स्वतःची बंद भाषा घेऊन. वापरायला सोपं, म्हणून लोक गेले. आणि लोक तिथे होते, म्हणून आणखी लोक गेले. पुढच्या ॲप्सनी हाच धडा गिरवला.

तेव्हा अडचण यंत्राची कमी आणि कराराची जास्त. हे काही नवीन नाही. अमेरिकेत १८९३-९४ मध्ये बेलच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि गावोगावी स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या. अनेक गावांत दोन कंपन्या, पण त्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नाहीत. मग दुकानदार काय करायचे? दोन फोन ठेवायचे! शेवटी १९१३ साली सरकारी दबावाखाली बेलच्या वारसदार कंपनीने, म्हणजे एटीअँडटीने, आपल्या लांब पल्ल्याच्या तारा स्वतंत्र कंपन्यांना जोडू देण्याचं कबूल केलं. आपल्या मोबाइलमधली चार-पाच ॲप्स म्हणजे त्याच टेबलावरचे फोन आहेत.

आज असाच प्रयत्न युरोपात चालू आहे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल मार्केट्स ॲक्टखाली सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲप आणि मेसेंजर या सेवांवर बंधन आलं: दुसऱ्या सेवेने मागणी केली तर तिला जोडून घ्यायचं. आधी दोघांमधले संदेश, मग गट, आणि चार वर्षांच्या आत कॉल.

इथे एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. दोन भाषांच्या मध्ये दुभाष्या बसवला तर त्याला बोलणं ऐकावंच लागेल. मग आपला कॉल कुलूपबंद कसा राहील? म्हणून दुभाष्या नको. दोन्ही टोकांनी एकच कुलूप मान्य करायला हवं. युरोपच्या कायद्यातही सुरक्षा आहे त्यापेक्षा कमी होता कामा नये, अशी अट आहे. शिवाय दार उघडलं की नको ते कॉलही येणार. जोडणी फुकट मिळत नाही, तिची किंमत मोजावी लागते.

मग ती का मोजायची? आपल्याकडचंच उदाहरण पाहा. २०१६ मध्ये यूपीआय आलं. भाजीवाल्याकडे कुठलं ॲप आहे हे आपण विचारत नाही, पैसे पोहोचतात. त्यामुळे ॲप आवडलं नाही तर आपण ते बदलतो, भाजीवाला बदलत नाही. कॉलचं मात्र उलटं आहे. तिथे ॲप सोडायचं म्हणजे माणसं सोडायची.

स्वातंत्र्य म्हणजे नुसती निवड नव्हे. निवड बदलताना आपली माणसं गमवावी लागू नयेत, हेही त्यात येतं. कंपनीने बांधलेल्या वाटेचं भाडं तिने जरूर घ्यावं. पण त्या वाटेवरून आपण ज्यांच्याकडे जातो, ती नाती तिच्या मालकीची नाहीत. हा फरक आपण नीट धरून ठेवू या.

आता आपले प्रश्न घेऊ.