विक्री-सल्लागार आणि आयुर्वेदीय फार्मसी : कोणता सल्ला घ्यावा, कोणता टाळावा

आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या क्षेत्रात आता स्वतंत्र विक्री-सल्लागार हा व्यावसायिक चांगलाच परिचित झाला आहे. तो कोणत्याही एका कंपनीचा नोकर नसतो. ठराविक मानधन घेऊन अथवा विक्रीवर टक्केवारी ठरवून तो अनेक कंपन्यांना उत्पादनाची मांडणी, वेष्टन, किंमत, वितरण व जाहिरात यांविषयी कल्पना सुचवितो. लहान फार्मसीचा मालक बहुधा स्वतः वैद्य असतो. पाक, भावना, संधान यांत तो निष्णात असला, तरी स्टॉकिस्टांचे हिशेब पाहण्यास त्याला सवड मिळत नाही. अशा वेळी बाहेरच्या जाणकाराचे साहाय्य घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र परवाना फार्मसीच्या नावावर असतो. सल्लागार आपले मानधन घेऊन निघून जातो, लेबलावरील प्रत्येक अक्षराचे उत्तरदायित्व मालकाकडे राहते. म्हणून कोणता सल्ला स्वीकारावा याची कसोटी आपल्याजवळ असणे आवश्यक आहे.

ही कसोटी आपल्या शास्त्रातच उपलब्ध आहे. चरकसंहितेत चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत्. विक्रीवाढीची जी सूचना यांपैकी एखाद्या गुणाची वाढ करते, ती विचारार्ह समजावी. जी सूचना औषध जसेच्या तसे ठेवून केवळ दावा वाढविते, ती दूर ठेवावी.

उपयुक्त सल्ल्याचे स्वरूप

१) बहुता : औषध हवे तेव्हा, हवे तेवढे मिळणे हा द्रव्याचाच गुण मानला आहे. वैद्याने लिहिलेले औषध रुग्णाला दुकानात मिळाले नाही, तर पुढील वेळी वैद्य दुसऱ्या फार्मसीचे नाव लिहितो. ही हानी हिशेबाच्या वहीत कोठेही दिसत नाही. म्हणून चांगला सल्लागार प्रथम जाहिरातीची भाषा न करता स्टॉकिस्टनिहाय मासिक शिल्लक, न मिळालेल्या औषधांची यादी आणि मुदत संपून परत आलेला माल यांची माहिती मागतो. ऋतुचर्येचा आधार घेऊन उत्पादनाचे वेळापत्रकही आखता येते. वसंतात वमन, वर्षाऋतूत बस्ती, शरदात विरेचन आणि थंडीत रसायन असा चिकित्सेचा क्रम ठरलेला आहे. आसव-अरिष्टांच्या संधानास काही आठवडे लागतात. ताजा आवळा हिवाळ्यातच मिळतो. मागणी आल्यावर धावपळ करण्यापेक्षा एक ऋतू आधी तयारी करणे श्रेयस्कर होय.

२) अनेकविध कल्पना : नोकरी करणाऱ्या रुग्णाला दररोज काढा करणे जमत नाही. त्याच्यासाठी घनवटी, मापाचे टोपण, सात किंवा पंधरा दिवसांचे लहान वेष्टन यांसारख्या सूचना मोलाच्या ठरतात. नव्या स्वरूपासाठी परवान्यात आवश्यक ती नोंद मात्र आधी करून घ्यावी.

३) योग्यत्व आणि संपत् : मात्रा, अनुपान, पथ्य व निषेध यांची नेमकी माहिती आणि प्रत्येक बॅचचा परीक्षण-अहवाल वैद्यांपर्यंत पोहोचविणे, हा विश्वास संपादन करण्याचा सर्वांत टिकाऊ मार्ग आहे.

योजनेचे गणित

सल्लागाराकडून हमखास येणारी सूचना म्हणजे 'दहावर दोन मोफत'. ती मान्य करण्यापूर्वी पुढील काल्पनिक उदाहरण ताडून पाहावे. एका बाटलीची विक्री-किंमत १०० रुपये व उत्पादन-खर्च ६० रुपये आहे. योजना नसताना दहा बाटल्यांवर ४०० रुपये सुटतात. योजनेत पैसे दहा बाटल्यांचेच, म्हणजे १००० रुपये मिळतात. खर्च मात्र बारा बाटल्यांचा, म्हणजे ७२० रुपये होतो. हाती २८० रुपये उरतात. पूर्वीइतकाच नफा राखण्यासाठी पैसे देऊन होणारी विक्री सुमारे ४३ टक्क्यांनी वाढावी लागेल. सल्लागाराला विक्रीच्या ५ टक्के द्यावयाचे असतील, तर आणखी ५० रुपये वजा होऊन २३० उरतात आणि आवश्यक वाढ सुमारे ७४ टक्क्यांवर जाते.

शिवाय, कोणती विक्री मोजावयाची हा प्रश्न उरतोच. फार्मसीने स्टॉकिस्टला माल पाठविला की प्राथमिक विक्री झाली. स्टॉकिस्टकडून दुकानात गेला, ती दुय्यम विक्री. टक्केवारी प्राथमिक विक्रीवर ठरली, तर योजनेच्या मोहाने स्टॉकिस्टचे गोदाम भरते, सल्लागाराची टक्केवारी निघते आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच माल मुदतबाह्य होऊन फार्मसीकडे परत येतो. म्हणून मोबदल्याचा संबंध दुय्यम विक्रीशी आणि वसूल झालेल्या रकमेशीच जोडावा.

कायद्याची मर्यादा

औषधे व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ हा आयुर्वेदीय औषधांनाही लागू आहे. मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, उच्च वा न्यून रक्तदाब, स्थौल्य, मोतीबिंदू, अपस्मार इत्यादी परिशिष्टातील व्याधींवर औषध गुणकारी असल्याची सर्वसाधारण लोकांसाठीची जाहिरात त्यानुसार निषिद्ध आहे. मैथुनसामर्थ्य वाढविण्याची जाहिरातही तशीच निषिद्ध आहे. 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येत परिपत्रक, लेबल, वेष्टन आणि तोंडी घोषणा यांचाही समावेश होतो. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. "लेबलावर फक्त मधुमेह एवढा शब्द घाला" ही सूचना किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

औषध नियमावलीतील नियम १७० मुळे बराच संभ्रम निर्माण झाला होता. जाहिरातीस पूर्वमान्यता आवश्यक करणारा हा नियम २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळण्यात आला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी ते प्रकरण निकाली काढले. या घडामोडींमुळे जाहिरातीस मोकळे रान मिळाले, असे सांगणाऱ्या सल्लागारावर विसंबू नये. १९५४ चा अधिनियम त्याहून स्वतंत्र आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत व पुनरावृत्तीस ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याच १९५४ च्या अधिनियमाने एक उचित मार्ग मोकळा ठेवला आहे. विहित पद्धतीने, गोपनीयरीत्या, केवळ नोंदणीकृत चिकित्सकांना पाठविलेली औषधविषयक माहिती निषेधातून वगळली आहे. ती त्यांच्याच उपयोगासाठी असल्याची सूचना माहितीपत्रकाच्या शिरोभागी ठळक छापावी लागते. जाहिरातीसाठी ठेवलेला पैसा उत्तम माहितीपत्रकाकडे वळविणे हे कायद्यालाही धरून आहे आणि व्यवसायालाही हितकर आहे.

दुसरी सीमा पाठाची. सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ व दालचिनी १ असे प्रमाण आहे. वंशलोचन महाग म्हणून ते कमी करून खडीसाखर वाढविण्याची सूचना व्यापारी दृष्टीने आकर्षक वाटेल. पण तसे केल्यावर ते सितोपलादि उरत नाही आणि त्या नावाने विकताही येत नाही. अधिनियमाने शास्त्रोक्त औषध म्हणून ग्रंथोक्त पाठानुसार केलेले औषधच मान्य केले आहे. पाठात बदल करावयाचा असल्यास स्वामित्व औषध म्हणून वेगळा परवाना घेणे हाच योग्य मार्ग होय.

तिसरी सीमा वैद्याच्या आचारधर्माची. औषध लिहून देण्याबद्दल वैद्याला टक्केवारी वा भेटवस्तू देण्याची योजना देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखीच लांछनास्पद आहे. अशा योजनेने वाढलेली विक्री दुसऱ्याची टक्केवारी वाढताच निघून जाते.

करारपत्रात काय असावे

सल्लागाराशी तोंडी व्यवहार करू नये. लेखी करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : (१) कामाची व्याप्ती व मुदत, (२) मोबदला आणि त्याच्या मोजणीची पद्धत, (३) निर्माणविधी, वैद्यांची व विक्रेत्यांची यादी यांची गोपनीयता, (४) तत्सम औषधे करणाऱ्या अन्य कंपनीचे काम तो करीत असल्यास त्याची पूर्वकल्पना, (५) जाहिरात, लेबल व पत्रक यांचा प्रत्येक मजकूर फार्मसीच्या तज्ज्ञ वैद्याने स्वाक्षरी करून संमत केल्याविना छापू नये, ही अट, (६) करार संपल्यावर सर्व कागदपत्रे परत करण्याचे बंधन. प्रारंभी एकच जिल्हा व दोन-तीन औषधे निवडून सहा महिने प्रयोग करावा आणि दुय्यम विक्रीचे आकडे पाहूनच पुढील पाऊल टाकावे.

वैद्यबंधूंनाही यात कर्तव्य आहे. कोणते औषध मिळत नाही, कोणत्या बॅचचा गुण कमी वाटला, कोणते वेष्टन रुग्णाला गैरसोयीचे ठरते, हे त्यांनी फार्मसीला लेखी कळवावे. असा सल्ला विनामूल्य असतो आणि तो प्रत्यक्ष रुग्णाकडून आलेला असतो. फार्मसी-चालकांनी सल्लागार नेमण्यापूर्वी अशा पत्रांची एक वही अवश्य उघडावी. सल्लागाराला द्यावयाचे पहिले काम त्या वहीतूनच निघेल.