रीळ घेताना बेअरिंग मोजू नका

वैनगंगेवर, प्राणहितेवर वर्षानुवर्षं चाललेलं गळाचं रीळ (दोरी गुंडाळणारी फिरकी) मालवणच्या लाटांत नेलं, की लवकरच घरघरू लागतं. मग दुकानात आपण जास्त बॉलबेअरिंगवालं मागतो. पण बेअरिंगने रीळ हलकं फिरतं, टिकतंच असं नाही; उलट प्रत्येक बेअरिंग ही गंजायला आणखी एक जागा. लोणच्याची बरणी कितीही जाड असो, झाकण सैल तर बुरशी आलीच. तसंच इथे सील (पाणी अडवणारी रबरी कडी) महत्त्वाचं. ते मुठीच्या दांड्याशी आणि ड्रॅगपाशी (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक) आहे का, विचारा. घरी आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत घुसतं.