रक्तदाबाची गोळी आणि घरातली 'सिस्टर'

गेल्या वर्षी जुलैमध्ये, मुलांना सुट्टी म्हणून, आई पुण्याहून आमच्याकडे शारजाला आली. वय ७२. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू, त्यातली एक लघवी वाढवणारी. सौ.नं वारांच्या डबीत सगळ्या गोळ्या नीट लावून ठेवल्या होत्या. मध्येच आईला दोन दिवस जुलाब झाले. गोळ्या मात्र आम्ही इमानेइतबारे चालूच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमला जायला उठली आणि दारातच कोसळली. नशिबानं हाड मोडलं नाही.

हॉस्पिटलात केरळच्या सिस्टरनं आधी झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून. वरचा आकडा १३४ चा १०२ झाला! "घरी कधी उभं करून मोजलं होतं का?" तिनं विचारलं. मी इंजिनिअर, आयुष्यभर प्रेशर गेज बघत आलेला. पण उत्तर नव्हतं.

आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं, आणि शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतं. वय, गोळी आणि अंगातलं कमी झालेलं पाणी एकत्र आलं की हे सावरणं जमत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

औषध जितकं गुणी, तितकं त्याच्यावर लक्ष हवं, हा धडा आपल्या मुंबईतलाच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्या ५० रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले, आणि आपली जुनी मुळी जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे दिसलं, की दाब उतरतो, पण काही रुग्ण उदासही होतात. म्हणजे आकड्याबरोबर माणसाचा चेहराही बघायला हवा.

आजच्या गोळ्या वेगळ्या, पण बघणं तेच. अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजू शकतात. एनालाप्रिल, रामिप्रिल अशा 'प्रिल' मंडळींनी कोरडा खोकला लागतो. अ‍ॅटेनोलॉलनं नाडी मंदावते, आणि ते एकदम बंद करणं धोक्याचं. तेव्हा मंडळी, आई-वडील आले की एवढं कराच:

• पाच मिनिटं शांत बसवून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजा. मग उभं करून पुन्हा मोजा. आकडे वहीत लिहा.

• जुलाब, उलट्या किंवा खाणं-पिणं कमी झालं, तर गोळ्यांचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बंद करू नका आणि चालूही ठेवू नका.

• गुडघेदुखीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नका. तिनं रक्तदाब वाढू शकतो.

• गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट आणायला सांगा.

इथं खालच्या मजल्यावर फॅमिली डॉक्टर नाहीत, शेजारच्या काकू नाहीत. घरातली सिस्टर आपणच!

आई आता पुण्यात आहे. सकाळी फोन केला की म्हणते, "थांब रे, आधी कॉटवर बसते, मग उठते." तेवढं ऐकलं की मी निवांत ऑफिसला जातो.